टाकळा, गोवा पावडर आणि जेल



पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कोकणात बांधाबांधावर टाकळा उगवतो. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो. त्याच दिवसांत ओलसर कपड्यांमुळे जांघेत, परकराच्या नाडीखाली नायटाही डोकं वर काढतो. विदर्भात टाकळ्याला तरोटा म्हणतात आणि संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. त्याचं बी ताकात वाटून लावायची रीत जुनी आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, आणि या नावात तथ्य आहे असं माझं मत आहे. टाकळ्यात आणि त्याच्याच कुळातल्या, मेणबत्तीसारखे पिवळे तुरे येणाऱ्या दादमर्दनात क्रायसोफॅनॉलसारखी बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत दादमर्दन आहे. तिथे त्याचं लोशन वापरतात.

मग नुसता पाला चोळून का भागत नाही? याचं उत्तर गोवा पावडरच्या गोष्टीत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या नावाची पिवळट पूड नायट्यावर विकली जायची. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या भेगांत साठणारी ती भुकटी पोर्तुगिजांच्या व्यापारातून गोव्यात पोचली होती. गुण यायचा, यात शंका नाही. पण कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची, हात डोळ्याला लागला तर डोळे सुजायचे, कपड्यांवर न निघणारे डाग पडायचे. द्रव्य अस्सल, पण किती लागलं आणि कुठवर पसरलं याला धरबंध नव्हता.

या वनस्पतींच्या अर्काचं आम्ही जेल करतो ते यासाठी. क्रायसोफॅनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाला पाण्यात वाटला तर बराचसा गुण चोथ्यातच राहतो. अर्क अल्कोहोलमध्ये काढावा लागतो. दुसरीकडे कार्बोपोलची पांढरी पूड पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी ते पाणी गढूळ आणि पातळच दिसतं. मग त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे मोजके थेंब टाकून ढवळलं, की काचेच्या दांड्याभोवती ते बघता बघता घट्ट होतं आणि आरपार दिसू लागतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मी विद्यार्थ्यांशी बोलायचा थांबतो. अर्क मोजून त्यात मिसळायचा. तेलकट मलम जांघेत घाम कोंडून धरतं; जेल वाळून जातं, खाली जागा कोरडी राहते.

पण काचेच्या बशीत बुरशी मेली म्हणून कातडीवरही मरेल असं नाही. उदाहरणार्थ, टी ट्री या झाडाच्या तेलाच्या चाचण्या ऑस्ट्रेलियात पायाच्या चिखल्यांवर झाल्या. १९९२ साली १० टक्के मलमाने खाज आणि खपल्या कमी झाल्या. बुरशी मात्र औषधाविनाच्या मलमापेक्षा जास्त गेली नाही. २००२ साली २५ आणि ५० टक्क्यांच्या द्रावणांनी ती बऱ्याच जणांची गेली, पण काहींच्या कातडीवर पुरळ उठलं. खाज थांबणं आणि बुरशी जाणं यांतला हा फरक कृपा करून मनात ठेवा.

आज तर तो फारच महत्त्वाचा आहे. दुकानातून न विचारता आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने दोन दिवसांत आराम पडतो, आणि आत नायटा पसरत राहतो. भारतात आता टर्बिनाफिन या नायट्यावरच्या नेहमीच्या औषधालाही न जुमानणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आढळते. अशा रुग्णाला केवळ वनस्पतीच्या जेलवर ठेवणं मला मान्य नाही. नायटा मोठा असेल, डोक्यात किंवा नखात असेल, घरात दोघा-तिघांना असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जेल लहानशा, नव्या चट्ट्यासाठी, आणि तेही आधी कोपराच्या आत थोडं लावून बघून.

आमच्या जेलची परीक्षा आम्ही रुग्णाच्या 'बरं वाटतंय' या शब्दावर संपवत नाही. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतो, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकतो, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बुरशीचे फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले, की कातडी वरून कितीही साफ असली तरी उपचार चालू ठेवतो.