शेवटल्या मजुराचा दिनार

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात रिकाम्या हातांनी उभे असलेल्यांनाही कामावर बोलावतो. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर एकच दिनार पडतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरू लागतात. त्यांची ठरलेली मजुरी छदामानेही कमी झालेली नसते; डोळ्यांत सलतो तो दुसऱ्याच्या हातातला दिनार.

याच दाखल्यावरून जॉन रस्किनने आपल्या पुस्तकाला ‘अन्टू धिस लास्ट’ असे नाव दिले. गांधीजींनी ते १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि १९०८ मध्ये त्याचा सारांश गुजरातीत आणला, ‘सर्वोदय’ या नावाने. वर्ध्याने ज्या विचाराला घर दिले, त्याच्या मुळाशी मत्सराची ही गोष्ट आहे.

तो विचार जगून दाखवणारा एक ख्रिस्ती माणूस वर्ध्यातच राहिला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, जन्म १८९२, तंजावर. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, मुंबईत उत्तम चाललेला व्यवसाय. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि सुटाबुटाच्या जागी खादी आली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले.

तिथे तेलघाणी फिरत होती, हातसडीचा तांदूळ निघत होता, हातकागद वाळत होता. रॉकेलवर जळणाऱ्या कंदिलाऐवजी वनस्पती तेलावर चालणारा ‘मगनदीप’ इथलाच. कुणाकडे काय आहे हे पाहत बसण्याऐवजी आपल्या गावात काय पिकते, त्यातून कुणाची गरज भागते, हा तिथला रोजचा सवाल होता.

१९४२ नंतरच्या तुरुंगवासात कुमारप्पांनी येशूच्या शिकवणीवर एक आणि चिरंतन अर्थव्यवस्थेवर एक अशी दोन पुस्तके लिहिली. परोपजीवी वृत्तीपासून सेवेपर्यंत अर्थव्यवहाराच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. सर्वांत वरच्या पायरीवर मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी आई आहे. धर्मश्रद्धा आणि हिशेबाची वही या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या ठेवल्या नाहीत.

पण मत्सर सोडून समाधानी राहणे म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. कुमारप्पा परकीय सत्तेच्या लुटीविरुद्ध आकडे मांडून लढले, तुरुंगात गेले. मळ्याचा धनीदेखील कुणाचा दिनार बुडवत नाही. हक्काचे मिळाले नाही तर भांडलेच पाहिजे. हक्काचे मिळूनही शेजाऱ्याचे सुख खुपत असेल, तर मात्र तपासायचे ते आपले मन. तासाभराचेच काम मिळालेल्या मजुराच्या घरीही तितकीच तोंडे जेवायची असतात, हे येशूच्या त्या धन्याला दिसले होते.

मगनवाडीतले मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले. वर्धेकरांनी मुलाबाळांना घेऊन तिथे जावे, आणि घरी परतल्यावर तो विसावा अध्याय एकदा त्यांना वाचून दाखवावा.