जुन्या तरवारीची परीक्षा

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीजवळ, ऊन पाण्याच्या कुंडांच्या शेजारीं, वज्रेश्वरी देवीचें मंदिर आहे. टेकडीवरच्या ह्या देवालयास किल्ल्यासारखा तट आहे आणि गाभाऱ्यांतील देवीच्या हातांत तरवार आहे. वसईची मोहीम चालू असतां चिमाजीअप्पांनीं ह्या देवीस नवस केला, व १७३९ मध्यें वसई हातीं आल्यावर तो फेडण्यासाठीं हें देवालय उभारण्यांत आलें, असें परंपरा सांगते. जुन्या तरवारीची परीक्षा कशी करावी, हा आजचा विषय ह्या स्थळापासूनच आरंभणें मला योग्य वाटतें. कारण वसईच्या नांवाभोवतीं जुन्या शस्त्रांच्या कथा सहज गोळा होतात.

समजा, एखाद्या घरांत लांब, सरळ पात्याची फिरंग आहे आणि ती वसईच्या लुटींतली असें पिढ्यान् पिढ्या सांगितलें जात आहे. तें खरें असूं शकेल. पण केवळ पातें युरोपांत घडलें आहे एवढ्यावरून तें सिद्ध होतें काय? मुळींच नाहीं. युरोपीय पातीं वसईच्या वेढ्याच्या कितीतरी आधींपासून व्यापारानें आपल्या किनाऱ्यावर उतरत होतीं; येथले कारागीर त्यांस येथल्या धर्तीची मूठ बसवीत. ‘फिरंग’ ह्या नांवाचा उगमच तो आहे. शिवाय वसईच्या तहांत पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकावीत बाहेर पडण्याची मुभा दिलेली होती. म्हणजे कित्येक तरवारी आपापल्या धन्याच्या कमरेलाच लटकून वसईबाहेर गेल्या! उलट वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील घंटा पाहा. तिच्या अंगावर मेरीची आकृति व १७०७ हा सन धातूंतच ओतलेला आहे. घंटेची साक्ष अशी तिच्या अंगावरच असते. तरवारीची साक्ष मात्र उलटतपासणी करूनच घ्यावी लागते.

ही उलटतपासणी कोणत्या क्रमानें करावी, तें आतां पाहूं.

प्रथम सबंध शस्त्र हातांत घेऊन त्याचा तोल पाहावा. जी तरवार लढण्यासाठीं घडविली, तिचें वजन हातास जाचत नाहीं. पातें मुठीपासून टोंकाकडे बेतानें पातळ होत जातें. दिवाणखान्याच्या भिंतीसाठीं केलेली नक्कल बहुधा बोजड असते, तिचें पातें सर्वत्र सारख्याच जाडीचें असतें आणि नक्षी मात्र भरपूर असते. त्यानंतर मूठ आणि पातें हीं एकमेकांस शोभतात कीं नाहींत, तें बघावें. मात्र येथें घाई करूं नये. पातें एका शतकाचें व मूठ दुसऱ्या शतकाची, असें आढळलें म्हणजे तरवार खोटी ठरत नाहीं. चांगलें पातें आपले पूर्वज टाकून देत नसत. मूठ मोडली कीं नवी बसवीत. विचारावयाचें तें इतकेंच, कीं हा संयोग वापरासाठीं घडला कीं गिऱ्हाइकासाठीं घडविला?

दुसरी गोष्ट पोलादाची. दक्षिणेंत मुशींत वितळवून केलेलें पोलाद एके काळीं जगभर नांवाजलेलें होतें. आजच्या तेलंगणांतील कोनसमुद्रम् हें गांव त्यासाठीं प्रसिद्ध होतें. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते; तिलाच जौहर म्हणतात. ही नक्षी लोखंडाच्या घडणींतूनच आलेली असते. पण आम्लानें पृष्ठभागावर तिचा भास निर्माण करणारेही पुष्कळ आहेत. नक्कल बहुधा फार एकसारखी, छापल्यासारखी दिसते. अस्सल जौहर जागोजाग बदलतो आणि पात्याच्या वळणाबरोबर वळतो. त्याचप्रमाणें पात्यावरील परदेशी शिक्क्यांवर एकदम विश्वास ठेवूं नये. धांवत्या लांडग्याचा शिक्का, किंवा समोरासमोरच्या दोन दांतेरी चंद्रकोरी, ह्या युरोपीय खुणा इतक्या लोकप्रिय झाल्या, कीं त्या दुसऱ्या गांवच्या व दुसऱ्या देशांच्या लोहारांनींही आपल्या पात्यांवर उठविल्या.

तिसरी आणि सर्वांत निसरडी गोष्ट म्हणजे लेख. पात्यावर थोर पुरुषाचें नांव दिसलें कीं पाहणाऱ्याचें भान हरपतें. आणि नेमकें हें ओळखूनच तें नांव पुष्कळदां मागाहून कोरलें जातें. येथें एक सोपी कसोटी आहे. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्या. गंजाचे खड्डे अक्षरांवरून गेले असतील, तर अक्षर आधींचें व गंज नंतरचा. अक्षराची रेघ गंजाच्या खड्ड्यांत उतरून पुन्हां स्वच्छ वर येत असेल, तर अक्षर नंतरचें. सोन्याच्या कामाचेंही तसेंच आहे. जेथें तळहात घासतो, जेथें म्यानाचें तोंड लागतें, तेथें सोनें झिजलें पाहिजे. सगळी मूठ जुनी आणि सोनें तेवढें कालचें, असें दिसल्यास सावध व्हावें.

लेख आणि पातें एकमेकांस पूरक असल्याचें एक ठळक उदाहरण अलीकडचें आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले हे १७५५ मध्यें वारले. त्यांच्या नांवाची तरवार २०२५ च्या एप्रिलांत लंडन येथें लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनानें ती ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत ती मुंबईस आली. तिचें पातें युरोपीय घडणीचें असून पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचें नांव, ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. परदेशीं पात्यावर देवनागरी लेख, ही विसंगति नव्हे; त्या काळचा व्यवहारच तसा होता. लेख स्वतःच पात्यास फिरंग म्हणतो आणि पातें त्यास दुजोरा देतें.

ह्याच्या उलट, २०२४ च्या जुलैंत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतून साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलेलीं वाघनखें घ्या. तीं ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयास मिळालीं, एवढें निश्चित. परंतु अफजलखानाच्या वधाशीं त्यांचा संबंध सांगतो तो पेटीवरचा मजकूर. आणि १६५९ चीं वाघनखें हींच, असें छातीठोकपणें म्हणण्यास तें संग्रहालय स्वतःही तयार नाहीं. ह्यांत कोणी रागावण्याजोगें कांहीं नाहीं. पुरावा जेथें थांबतो तेथें थांबणें, हाच परीक्षकाचा धर्म होय.

ह्या शास्त्रांत जपानी लोकांनीं जी शिस्त बाळगली आहे, ती आपण अवश्य पाहावी. तेथें मुठींतील एक बांबूची खुंटी काढली कीं मूठ सुटते आणि मुठींत दडलेला पात्याचा भाग उघडा होतो. कारागिराची सही असलीच तर त्याच भागावर असते. त्या भागावरचा काळपट गंज कोणीही घासून काढीत नाहीं. कारण वयाची साक्ष तोच देतो. सह्यांच्या नकला तेथेंही विपुल. म्हणून जाणता परीक्षक आधीं पात्याचा आकार, पोलादाचा पोत आणि धारेलगतची पांढुरकी कठीण पट्टी पाहतो, व मग ही सही त्या पात्यास शोभते काय असें विचारतो. ही पट्टी टोंकाशीं झिजून गेली असेल, किंवा आगींत सांपडून नाहींशी झाली असेल, तर नांव केवढेंही मोठें असो, पात्याची किंमत कोसळते. १९४५ सालीं ब्रह्मदेशांत जपानी अधिकाऱ्यांनीं ज्या तरवारी खालीं ठेवल्या, त्यांत कारखान्यांत घडविलेल्या पुष्कळ होत्या. पण लष्करी साज चढविलेलीं जुनीं घराणीं पातींही त्यांत असत. बाहेरच्या साजावरून निकाल देणारा दोहींकडे फसतो.

आतां घरच्या शस्त्राकडे वळूं. श्रोतेहो, आपल्याकडच्या जुन्या तरवारींचें अधिक नुकसान शत्रूनें केलें कीं आपण केलें, असा प्रश्न पडतो. खंडेनवमी आली कीं वर्षभर विसरलेली तरवार माळ्यावरून उतरते. विटेची पूड, राख, लिंबू किंवा चिंच घेऊन तिला लख्ख घासतात. धार लावून आणतात. मग गंधाचीं व हळदकुंकवाचीं ओलीं बोटें उठवून ती तशीच म्यानांत घालतात. भक्ति खरी, पण पात्याचें मरण त्यांतच असतें. घासण्यानें जौहर पुसतो, लेख बोथट होतात, सोनें उडतें. आणि ओल म्यानांतल्या लांकडांत व चामड्यांत मुरून आंतून पातें खाते. शतकांचा पुरावा एका सकाळीं नाहींसा होतो, आणि तो मागाहून कोणासही परत आणतां येत नाहीं.

म्हणून पूजा अवश्य करावी. पण फुलें व अक्षता तरवारीशेजारीं वाहाव्या. उघड्या बोटांनीं पातें धरूं नये, कारण घामाचे ठसे गंजतात. सुती कोरड्या कापडानें पुसून नितळ खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा, आणि पातें म्यानाबाहेर, कोरड्या जागीं ठेवावें. काळपट, घट्ट बसलेल्या गंजास हात लावूं नये. तांबूस, बोटास लागणारा गंज मात्र जिवंत आहे असें समजून संग्रहालयांतील जाणकाराचा सल्ला घ्यावा. मूठ सैल झाली तर ती घरीं ठोकूं नये. जुनी लाख हाही पुरावाच आहे. शंभर वर्षांहून जुनें शस्त्र १९७२ च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरतें. तें खासगी रीतीनें देशाबाहेर नेण्यास मनाई आहे व त्याच्या व्यापारास परवाना लागतो, हेंही ध्यानांत असावें.

आणि आणखी एक काम आजच करण्यासारखें आहे. घरांतील वडीलधाऱ्या माणसांस ह्या तरवारीविषयीं जें ठाऊक असेल, तें कोणी सांगितलें, कोणाकडून ऐकलें, ह्या तपशिलासह वहींत उतरून ठेवावें. शेजारीं तिचें छायाचित्र चिकटवावें. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी, तिला पदरचा अलंकार घालूं नये. आपली तरवार चिमाजीअप्पांच्या सैन्यांत होती असें सिद्ध झालें नाहीं, म्हणून ती हलकी ठरत नाहीं. जिचा धनी अज्ञात राहिला, पण जिचें पोलाद, जिची झीज आणि जिचा गंज अजून खरें बोलतात, ती तरवार खोट्या नांवाच्या चकाकत्या पात्याहून शतपट मोलाची आहे. तिचें तें बोलणें आपल्या हातून पुसलें जाऊं नये, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.