निवेदन वाचावे कसे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही साहित्यिक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे लोकांची निवेदने वाचली, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द बोलतो : दुसऱ्याचे मन वळवण्यासाठी लिहिलेला मजकूर वाचावा कसा?

आरंभी एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एकाच दिवशी दोन अर्ज आमच्यापुढे आले. एक डौलदार भाषेतला. त्यावर आम्ही तत्काळ अनुकूल टिपणी लिहिली. दुसरा एका दिवंगत शिपायाच्या पत्नीचा, मोडक्यातोडक्या भाषेतला. तो बाजूस ठेवला. तीन महिन्यांनी तो पुन्हा हाती घेतला, तेव्हा ध्यानी आले की मागणी, तिचे कारण, लागू पडणारा नियम आणि पुरावा, सारे त्यात क्रमवार मांडलेले होते. पहिल्या अर्जात भाषेखेरीज काहीच नव्हते. त्या बाईंचे तीन महिने हाल झाले ते आमच्या वाचनदोषाने.

मन वळवण्याचे तीन मार्ग अॅरिस्टॉटलने सांगितले आहेत : बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. आपल्या न्यायशास्त्राने युक्तिवादाचेही पाच अवयव पाडले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. ही दोन मोजमापे हाती घेऊन एक थोर निवेदन वाचून पाहू.

सन 1882 मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी इंग्रजीत निवेदन सादर केले. प्रारंभी ते आपला अनुभव सांगतात : पत्नीसह मुलींची शाळा काढली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवली, मिशनच्या शाळेत शिकवले. हा आत्मगौरव नव्हे. सांगणारा माणूस प्रत्यक्ष जाणणारा आहे, हा विश्वास त्यातून निर्माण होतो. आपल्या शास्त्रकारांनी अशाच माणसाला ‘आप्त’ म्हटले.

नंतर प्रतिज्ञा येते : सरकारने बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे प्रथम पाहावे. हेतू असा, की तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. येथे करुणा जागी होते. पण ती हिशेबाच्या आधाराने उभी आहे. शिवाय सरकारचे उत्पन्न गरिबांच्या नित्याच्या गरजांतून निघते, ही गोष्ट ते एका इंग्रज लेखकाच्या मुखाने वदवतात. भावना आणि साक्ष, दोन्ही कामे एकदम साधतात.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते, वरच्या वर्गांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल. फुले त्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात : या सुशिक्षितांनी आपल्या बांधवांसाठी काय केले? येथे सावध वाचकाने थबकावे. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे, असा प्रश्न अपवाद झाकतो. खुद्द फुल्यांची मुलींची शाळा 1848 मध्ये भिड्यांच्या वाड्यात भरली होती, आणि सदाशिवराव गोवंडे यांच्यासारखे मित्र त्यांच्या पाठीशी होते. तरीही मुख्य निष्कर्ष ढळत नाही. कारण थोड्यांचे औदार्य म्हणजे ज्ञान झिरपण्याची व्यवस्था नव्हे. दोष कोठे आहे आणि तो कितपत जड आहे, या दोन गोष्टी निरनिराळ्या तोलाव्यात.

संभाव्य आक्षेपही ते टाळत नाहीत. गरीब शेतकरी मुलांना गुरांमागे धाडतो, हे मान्य करून ते शिष्यवृत्त्या व बक्षिसे सुचवतात. निगमन सुस्पष्ट आहे : किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोडी, बालबोध, हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, इथपर्यंत तपशील आहे. ज्यावर आदेश काढता येईल अशी मागणी करणे, हे उत्तम निवेदनाचे लक्षण होय.

सक्तीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये त्याच दिशेने विधेयक मांडले. ते 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. अखेर सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. मतांनी हरलेला युक्तिवाद खोटा ठरतोच असे नाही, हे यातून शिकावे.

आपण परप्रांतात राहतो. आपल्या मुलांपुढे तीन-तीन भाषांतून आवाहने येऊन आदळतात. त्यांना मराठी वाचायला शिकवताना हे चार प्रश्नही शिकवू या : सांगणारा कोण? मागणी कोणती? तिचे कारण काय? आणि भावना कारणाच्या जोडीला आली आहे की कारणाच्या जागी? हे प्रश्न आम्हांस वेळीच कोणी शिकवले असते, तर एका बाईंचे तीन महिने वाचले असते.