सूप, लाख आणि संगणकाची पेटी



वसंतातल्या या व्याख्यानांत आपण संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर बोलणारे विद्वान ऐकता. कामगार युनियनचा एक माणूस संगणकाच्या पेटीवर बोलणार म्हटल्यावर, चालकांची काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका आपल्या मनात आली असल्यास तीत आपला दोष नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि विडी वळणाऱ्या बायांच्या ओट्यावर झाले. परंतु ही समोर टेबलावर ठेवलेली पेटी मी केलेली आहे, आणि ती करताना जे कळले तेवढेच सांगणार आहे.

प्रथम गरज कशी पडली ते सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू केले. नोंदणीसाठी बाईने शहरात यायचे म्हणजे तिची दिवसभराची विडी बुडते. म्हणून आम्हीच संगणक गावोगावी न्यायचे ठरवले. युनियनजवळ कोणी दिलेला एक जुना संगणक होता. त्याचा नुसता रिकामा पत्र्याचा डबा माझ्या काट्यावर सहा किलोंच्या वर भरला. मोटारसायकलच्या कॅरिअरवर बांधून एक पावसाळा हिंडलो. कोपरे चेपले, तळाला गंज चढला, आणि एका खड्ड्यात आतल्या मुख्य पाटीचा, म्हणजे मदरबोर्डचा, स्क्रू तुटला. लॅपटॉप का घेतला नाही, असे आपण विचाराल. पैसे नव्हते, आणि जुन्या यंत्राचा बिघडलेला भाग गोंदियाच्या बाजारात सुटा मिळतो, हेही खरे. ओझे वाहणारे आम्ही पहिले नव्हे. १९८१ साली अॅडम ऑस्बर्न यांनी उचलून नेण्याजोगा संगणक बाजारात आणला, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते! या गृहस्थांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलैला गेले होते, हे मला फार उशिरा कळले.

आता वजनाचा विचार. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. काचेच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून वाळवले तर तो थर पाण्याच्या दुपटीच्याही आत राहतो. वाळलेला बांबू पाण्याहून हलका. मग हलक्या वस्तूची पेटी लवत कशी नाही? याचे उत्तर जाडीत आहे. एखाद्या फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. म्हणून हलका माल थोडा जाड वापरावा. वजन कमी राहते आणि फळी वाकत नाही. तंतू ताण सोसतात, राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. आपल्या घरची कुडाची भिंत याच रीतीने उभी असते: आत कामट्यांचा कूड, वर मातीशेणाचा लेप. नुसती माती तडकते, नुसता कूड वारा अडवत नाही.

पुस्तकांत कार्बनच्या तंतूंची फार स्तुती आहे, आणि विमानांना ते योग्यच. पण आमच्या कामाला तीन अडचणी होत्या. एक, किंमत. दुसरी, कार्बनमधून वीज वाहते. पाटीची पाठ त्याला टेकली की यंत्र संपले. तिसरी, अॅल्युमिनियम त्याला लागून राहिले आणि ओल आली की अॅल्युमिनियम खाऊन जाते. तेव्हा कार्बन सोडला.

काचेच्या तंतूंचे काम शिकायला मी एका कारखान्यात आठ दिवस गेलो. नाव सांगत नाही. तेथे टाक्या आणि दरवाजे होतात. वीस-बावीस वर्षांची पोरे उघड्या अंगाने थर घासत होती. काचेची धूळ घामावर बसून अंगभर खाज, आणि राळेच्या वाफेने डोके जड. राळ लवकर आळावी म्हणून तीत कोबाल्टचे द्रव्य घालतात आणि मग पेरॉक्साइडचे. ही दोन द्रव्ये राळेत निरनिराळी घालावी लागतात. थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होतो, आणि दुसऱ्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, बिनचिठ्ठीच्या होत्या. शिकायला गेलो होतो, पण जुनी खोड जाईना. चष्मे, हातमोजे, तोंडाला चांगला मुखवटा, साबण आणि बाटल्यांना दोन निराळ्या जागा, एवढे मागितले. नवव्या दिवशी मला येऊ नका म्हणून सांगण्यात आले. बाटल्यांवर चिठ्ठ्या मात्र लागल्या, असे एका पोराने नंतर कळवले.

यानंतर मी बांबूकडे वळलो. पण आधी लाखेची एक गोष्ट. आपल्या भागातल्या पळसावर, कुसुमावर लाखेचा किडा बसतो. या लाखेत लाकडाचा भुसा मिसळून, साच्यात दाबून १८५४ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल पेक यांनी छायाचित्रे ठेवण्याच्या छोट्या पेट्या केल्या. त्या पेटीचे नाव 'युनियन केस'! मला हे वाचून किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. पुढे १९०७ साली लिओ बेकलंड यांनी बेकलाइट शोधले, ते लाखेला पर्याय हुडकतानाच. आणि त्याच जातीची राळ वापरून बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या तट्ट्यांचे टणक तक्ते बनवले. मग मी लाखच का वापरली नाही? लाख उन्हाने मऊ पडते, आणि आपले ऊन आपल्याला ठाऊक आहे. बेकलाइटच्या जातीच्या राळेला गरम दाबयंत्र लागते, ते आमच्याजवळ नाही. म्हणून थंडच आळणारी एपॉक्सी घेतली. तीही मे महिन्यात एकदम पेलाभर कालवली तेव्हा पेल्यातच तापून धुरावली. तेव्हापासून पहाटे, थोडी थोडी.

तट्टे विणून घेण्यासाठी मी बुरडकाम करणाऱ्या एका मावशीकडे गेलो. वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही तो २०१७ च्या दुरुस्तीपासून. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू आणणे आता सोपे आहे. मावशीने माझा कागदावरचा नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, तुमाले सूप पायजे का संदूक? सुपाची वीण घट्ट राहते, हवा अडते. हवा जाऊ द्याची असन तं जाळी विना लागन." संगणकाला नेमके तेच हवे असते. आतली उष्णता पंख्याने बाहेर गेली नाही तर यंत्र बंद पडते. म्हणून चार बाजूंना घट्ट वीण आणि दोन ठिकाणी जाळी झाली. राइस मिलच्या कोंड्यासाठी जाळीला आतून पातळ कापड. तिनेच सांगितले की बांबूची हिरवी पाठ तासून टाका, तिच्यावर लेप धरत नाही. आणि घुण लागू नये म्हणून कामट्या भिजवून ठेवा. आम्ही टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात ठेवल्या.

तट्ट्याला आतबाहेर राळ आणि वरून काचेच्या कापडाचा एक थर दिला. आत पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करून त्याला अर्थिंगची तार जोडली, कारण पत्र्याचा डबा रेडिओचा खरखराट अडवतो आणि झटक्यापासून वाचवतो. बांबू यांपैकी काहीच करत नाही. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर उचलून बसवला. पॉवर सप्लाय त्याच्या मूळ लोखंडी डबीतच ठेवला, कारण बांबू आणि राळ दोन्ही पेट घेतात. पेटीचे वजन दोन किलो चारशे ग्रॅम भरले.

राहिला हिशेब. मी मावशीला सुपाच्या भावाने पैसे दिले. ते हातात धरून ती म्हणाली, "भाऊ, सुपाले एक दिस लागते. याले मी चार दिस बसली." विडीच्या हजारी भावासाठी आणि छाटीतल्या विड्यांसाठी तीस वर्षे भांडलेला माणूस मी, मला बोलता येईना. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी घेऊन गेलो, पण किती द्यायचे ते ठरेना. बुरडकामाची दिवसाची मजुरी तिने किंवा मी कधी धरलीच नव्हती; नग विकला जातो, दिवस मोजले जात नाहीत. शेवटी रोवणीची मजुरी धरून चार दिवसांचे दिले. ते धरले तर ही पेटी बाजारातल्या पत्र्याच्या डब्यापेक्षा महाग पडते, हे मी लपवत नाही.

व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पेटी उचलून पाहावी. मावशी मागच्या रांगेत बसल्या आहेत. कोणाला तट्टे विणून हवे असल्यास भाव त्यांना विचारावा, मला विचारू नये.