ईश्वरचिठ्ठी आणि दादाचं राहून गेलेलं मत

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल. हेडफोन नीट लावा, कारण आज पाहुणा कुणी नाहीये. आज मीच बोलणार आहे, आणि विषय आहे माझी एक चूक.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज केला होता, की अमेरिकेच्या निवडणुकीवर एक भाग कर. ते २७० काय असतं, जास्त मतं मिळवणारा हरतो कसा, हे समजावून सांग. सांगतो. पण त्याआधी २०१७ सालची एक संध्याकाळ ऐका.

मी तेव्हा व्हर्जिनिया राज्यात शिकत होतो. न्यूपोर्ट न्यूज नावाचं शहर आहे, समुद्राकाठी, मोठमोठी जहाजं बांधणारं. तिथं माझा मावसभाऊ राहतो, आणि मी त्याच्याकडेच राहायचो. दादाला अमेरिकेत बरीच वर्षं झाली होती. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्डची ती न संपणारी रांग, मग आणखी पाच वर्षं. त्या वर्षी तो एकदाचा नागरिक झाला होता. शपथ घेतली त्याच दिवशी त्यानं मतदार म्हणून नोंदणी केली. वहिनीचं अजून व्हायचं होतं, म्हणजे घरात मत एकच.

७ नोव्हेंबर, मंगळवार. मंगळवारच का? तिकडे १८४५ साली एक कायदा झाला, की राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी. लोक शेतकरी होते. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, आणि मतदानाला घोडागाडीनं तालुक्याला जायला एक दिवस हवा. पुढे बाकीच्या निवडणुकाही बहुतेक त्याच दिवशी व्हायला लागल्या. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. आपल्यासारखी देशभर सुट्टी नाही. कामावरून सुटायचं आणि मत द्यायचं.

त्या संध्याकाळी माझी बस चुकली. मी दादाला फोन केला, "दादा, न्यायला येतोस का रे?" आला बिचारा. गाडीत बसलो तेव्हा सव्वासहा झाले होते. दादा म्हणाला, "जाता जाता शाळेत मत देऊन जाऊ. सातला बंद होतं. सातच्या आत रांगेत उभं राहिलं की झालं."

आणि मी काय म्हणालो? "दादा, राहू दे ना. जाम भूक लागलीय. एका मतानं काय होतंय?"

दादा क्षणभर गप्प बसला. मग हसला आणि पिझ्झाच्या दुकानाकडे वळला. घरी गेलो तर वहिनी म्हणाली, "दिलंत का?" दादा म्हणाला, नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "मला देता आलं असतं तर मी गेले असते." मी पिझ्झाचा तुकडा उचलला. चव नव्हती त्याला.

आता ही निवडणूक कसली होती ते सांगतो, कारण गंमत तिथंच आहे. ही राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नव्हती. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरची होती, आणि सोबत हाउस ऑफ डेलिगेट्सची. आपली विधानसभा समजा, १०० जागांची. आमच्या भागाचा मतदारसंघ ९४ क्रमांकाचा. रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स. राज्यातल्या निम्म्याहून जास्त नोंदणीकृत मतदारांनी त्या दिवशी मत दिलंच नाही. आमच्या घरातला एक त्यातलाच.

पहिली मोजणी झाली. यान्सी १० मतांनी पुढे. तेवीस हजार मतांत दहा! फेरमोजणी मागितली गेली. १९ डिसेंबरला फेरमोजणी झाली, आणि सायमंड्स एका मतानं पुढे. ११,६०८ विरुद्ध ११,६०७. दादानं मोबाइल माझ्यापुढे धरला. बोलला काही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेलं. एका मतपत्रिकेवर कुणीतरी दोन्ही नावांपुढचे गोल रंगवले होते, आणि सायमंड्स यांच्या नावापुढे एक रेघ मारली होती. फेरमोजणीत ते मत बाद धरलं होतं. न्यायाधीश म्हणाले, मतदाराचा कल यान्सींकडे दिसतो, मत त्यांचं. झालं. ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

बरोबरी!

दादानं रात्री फोन करून मावशीला सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "अरे, मग ईश्वरचिठ्ठी काढतील!" आपल्याकडे हा शब्दच तयार आहे बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत गिरगावच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली होती, आणि निकाल ईश्वरचिठ्ठीनंच लागला होता. व्हर्जिनियाचा कायदाही तेच सांगतो.

४ जानेवारी २०१८. आमच्याकडे बर्फाचं वादळ आलेलं, सगळं बंद. आम्ही तिघं घरात, पुढ्यात चहा, लॅपटॉपवर राजधानी रिचमंडहून थेट प्रक्षेपण. कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्या असतात ना, तशा दोन डब्यांत दोन नावं घातली. त्या डब्या एका सुंदर चिनीमातीच्या भांड्यात टाकल्या, ढवळल्या, आणि अधिकाऱ्यानं एक उचलली.

यान्सी.

आणि त्या एका डबीनं फक्त एक आमदार ठरला नाही. यान्सी आले म्हणून सभागृह ५१ विरुद्ध ४९ झालं, रिपब्लिकन पक्षाचं बहुमत टिकलं. सायमंड्स आल्या असत्या तर ५० विरुद्ध ५०. अध्यक्ष कुणाचा, समित्या कुणाच्या, सगळंच वेगळं झालं असतं.

दादा कुणाला मत देणार होता, मी कधी विचारलं नाही. ते महत्त्वाचंही नाही. त्यानं कुणालाही दिलं असतं तरी ती डबी निघालीच नसती. मतदारांनी ठरवलं असतं. त्याऐवजी ठरवलं एका भांड्यानं, आणि ते भांडं तिथं आणण्यात माझ्या भुकेचा वाटा होता.

आता तुम्ही म्हणाल, असं किती वेळा होतं? खरंय. एका मतानं निकाल फिरणं दुर्मीळच, मी तुम्हाला उगाच फसवणार नाही. मोठ्या निवडणुकीत तर आणखी दुर्मीळ. पण थोडक्या मतांनी? ते होतं, आणि अमेरिकेत खूप होतं. त्याचं कारण म्हणजे तुम्ही विचारलेलं ते २७०.

राष्ट्राध्यक्ष थेट देशाच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात. एकूण ५३८. जिंकायला २७०. कॅलिफोर्नियाला ५४, टेक्ससला ४०, छोट्या राज्यांना तीन. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे नियम एकच: राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मतं. एका मतानं पुढे असो की वीस लाखांनी.

म्हणून २००० साली काय झालं बघा. सगळी निवडणूक फ्लोरिडावर येऊन अडली. तिथं सुमारे ६० लाख मतं पडली, आणि जॉर्ज बुश जिंकले ५३७ मतांनी. आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीत तेवढे मतदार असतात! देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी ते हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मतं जास्त पडली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत त्या मिळून ८० हजारांपेक्षाही कमी मतांनी मागे पडल्या. राष्ट्राध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प.

ही पद्धत न्याय्य आहे का? यावर तिकडे भांडणं चालूच आहेत. मलाही ती विचित्र वाटते. पण पद्धत विचित्र आहे म्हणून घरी बसलं तर ती बदलत नाही. घरी बसलेल्याला विचारतो कोण?

आणि एक गोष्ट मला फार नंतर कळली. मी पोरकटपणे म्हणालो होतो ना, एका मतानं काय होतंय? मग विचार करा, मताला किंमतच नसती तर ते अडवायला लोकांनी एवढा आटापिटा का केला असता? अमेरिकेत १८७० मध्ये घटनादुरुस्ती झाली, की वर्णावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही. पण दक्षिणेतल्या राज्यांनी वाटा काढल्या. मत द्यायला आधी कर भरा. लिहिता-वाचता येतं का त्याची परीक्षा द्या, आणि पास-नापास ठरवणार गोरा अधिकारी. असं जवळजवळ शंभर वर्षं चाललं.

७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावी सुमारे सहाशे माणसं मताच्या हक्कासाठी शांतपणे पुलावरून निघाली होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. जॉन लुईस नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची कवटी फुटली. तुमच्या-माझ्या वयाचा पोरगा! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. तोच लुईस पुढे तीसहून अधिक वर्षं अमेरिकेच्या संसदेत होता.

आपल्या लोकांचंही तसंच. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्यानं 'गोरा' ठरत नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग मत कुठलं? ते दार उघडलं १९४६ च्या कायद्यानं. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत बसतात. दादा ज्या गोलात शाई भरणार होता, त्याच्यामागे एवढं सगळं होतं, आणि मी त्याला पिझ्झा खायला नेलं.

दादा मला कधी बोलला नाही. मी एकदा सॉरी म्हणालो, तर म्हणाला, "गाडी मी चालवत होतो ना?" बस, एवढंच. पण २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तो सकाळी सहालाच त्या शाळेपुढे जाऊन उभा राहिला. २०१९ मध्ये यान्सी आणि सायमंड्स पुन्हा समोरासमोर आले. मतदारसंघाच्या सीमा तेवढ्यात बदलल्या होत्या. या वेळी सायमंड्स जिंकल्या. डब्या लागल्या नाहीत.

मी तोवर शिक्षण संपवून पुण्यात आलो होतो. माझं नाव सांगलीच्या यादीत. २०१९ च्या लोकसभेला रात्रीची एसटी पकडली, सकाळी आईच्या हातचा चहा घेतला आणि मत देऊन आलो. बोटावरची शाई दादाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यानं फक्त पिझ्झाची इमोजी पाठवली.

तर मंडळी, अठरा पूर्ण झाली असतील तर आज एवढंच करा. हा भाग संपला की यादीत आपलं नाव आहे का बघा. नसेल तर अर्ज भरा. आणि मतदानाच्या दिवशी कुणी भूक लागली म्हणालं, तर म्हणा, आधी रांग, मग पिझ्झा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.