कुंपण नसलेली बाग
(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जर्मनीतील एका जुन्या संस्थानी उद्यानाविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. राजवाडे आणि बागा हा आपल्या सभेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु कलेची आणि ज्ञानाची दारे कोणासाठी उघडतात आणि कोणाच्या इच्छेवर उघडी राहतात, हा प्रश्न आपलाच आहे. एल्बे नदीकाठचे वर्लिट्झ त्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकते.

आनहाल्ट-देसाऊ या लहानशा संस्थानाचा अधिपती लिओपोल्ड फ्रान्झ (१७४०–१८१७) याने इंग्लंडचा प्रवास करून आल्यावर वास्तुकार एर्डमान्सडॉर्फ यांच्याकडून १७६९ ते १७७३ या काळात वर्लिट्झ येथे निवासस्थान बांधून घेतले आणि सभोवती विस्तीर्ण उद्यान वसविले. त्या उद्यानास कुंपण घातले नाही. सामान्य प्रजाजनांनी आत यावे, पाहावे व शिकावे, हा त्यामागील हेतू होता. सौंदर्य आणि उपयुक्तता यांची सांगड घालून फळझाडे, कुरणे व शेते बागेतच सामावून घेतली. पुलांचे निरनिराळे प्रकार लोकांना प्रत्यक्ष दाखविले; त्यांतील १७९१ चा लोखंडी पूल ही इंग्लंडमधील कोलब्रुकडेलच्या पुलाची लहान प्रतिकृती होय. १७८८ मध्ये आउगुस्ट फॉन रोडे यांनी वास्तूची व बागेची माहिती देणारे पुस्तकही प्रसिद्ध केले. अशा रीतीने अवघी बाग ही एक उघडी शाळा झाली.

याच अधिपतीच्या आश्रयाने १७७४ मध्ये बासेडो यांनी देसाऊ येथे ‘फिलांथ्रोपिन’ ही शाळा काढली. घोकंपट्टीऐवजी संभाषण, खेळ, व्यायाम आणि हस्तकला यांतून शिक्षण देणाऱ्या या शाळेची तत्त्ववेत्ता कांट याने मुक्तकंठाने प्रशंसा केली. तथापि, तेथे गरीब मुलांचा वर्ग निराळा होता आणि सेवा-चाकरी हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग मानला गेला होता. मानवप्रेमाचे नाव धारण करणाऱ्या शाळेतही पंक्तिभेद शिरला, ही गोष्ट आपण नजरेआड करता कामा नये. १७९३ मध्ये ती शाळा बंद पडली.

उद्यानाच्या कडेला १७९० मध्ये ज्यू प्रजाजनांसाठी एक गोलाकार सिनेगॉग उभे राहिले. चर्चचा मनोरा आणि ज्यूंचे प्रार्थनागृह एकाच बागेतून दिसावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. पण ती कृपा होती. समान नागरिकत्वाचा हक्क नव्हता. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी देशभर सिनेगॉग पेटविली, तेव्हा ही वास्तू उद्यानाचे संचालक हान्स हालरफोर्डन यांच्या धैर्यामुळे वाचली. त्यापायी त्यांना आपले पद गमवावे लागले. वास्तू वाचली, परंतु जिच्यासाठी ती बांधली होती ती वस्ती उरली नाही. एका सज्जनाचे धैर्य भिंती वाचवू शकते. माणसे वाचविण्यास कायद्याचे संरक्षण आणि समाजाची सदसद्विवेकबुद्धी ही दोन्ही जागी असावी लागतात.

बंधुभगिनींनो, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते कोणाची मेहेरबानी मागण्यासाठी नव्हे. तळे सार्वजनिक होते आणि त्यावर हक्क होता. पुढे भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक स्थळे यांच्या वापराबाबत भेदभावास मनाई केली. वर्लिट्झ आणि महाड यांतील अंतर हेच आहे. तेथे राजाने दार उघडले. येथे नागरिकाने आपला हक्क बजावला.

देसाऊ-वर्लिट्झचा हा परिसर २००० साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. आज एक सांस्कृतिक प्रतिष्ठान त्याची व्यवस्था पाहते. उन्हाळ्यात श्रोते नावांत बसून तलावावर संगीत ऐकतात आणि सिनेगॉगची वास्तू तेथील ज्यूंचा इतिहास सांगते. जुनी वास्तू जतन करणे म्हणजे केवळ तिला रंग देणे नव्हे, तर तिच्यातून नव्या पिढीला शिकविणे, हे येथे दिसून येते.

आपल्याकडेही अशी वास्तू आहे. १९२१–२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते लंडनमधील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तेथे आपण केवळ हार घालून परतणार काय? भीमराव कर्डकांच्या जलशांनी ना वाडा, ना रंगमंदिर हाताशी असता उघड्या मैदानात लोकांना शिकविले. ती परंपरा आपली आहे. म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या मुलांना वर्लिट्झ दाखवावे, लंडनचे घर दाखवावे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच प्रश्न विचारण्यास शिकवावे : हे दार कोणी उघडले, आणि ते उघडे ठेवण्याची जबाबदारी आता कोणाची? त्या प्रश्नाचे उत्तर ‘आमची’ असे त्यांच्या तोंडून यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!