‘हंप’वरचे अपघात आणि दैवाची सबब



चीनच्या जपानविरुद्धच्या लढ्याशी मराठी माणसाचे नाते म्हटले की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव ओठांवर येते. 1938 साली ते मुंबई बंदरातून चीनला निघाले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्याच 1942 साली भारतातून चीनकडे जाणारी दुसरी एक वाट उघडली होती. तिची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. एप्रिलअखेर जपान्यांनी लाशियो घेतले आणि ब्रह्मदेशातून जाणारा रस्ता तुटला. मग आसामातल्या छाबुआ, दिनजान, मोहनबाडी या धावपट्ट्यांवरून अमेरिकी मालवाहू विमाने इंधन आणि दारूगोळा घेऊन, पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडत कुनमिंगला जाऊ लागली. वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन माल पोहोचला. त्यासाठी सुमारे 600 विमाने गेली आणि दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. अरुणाचलाच्या जंगलांत त्यांचे अवशेष अजूनही सापडतात.

यांतली थोडीच विमाने शत्रूने पाडली. बाकीची बर्फाने, वादळाने, इंजिन बंद पडल्याने, डोंगरावर आदळल्याने गेली. म्हणून निसर्गापुढे इलाज नव्हता, असे म्हणायचा मोह होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे: यांतले कितीतरी मृत्यू माणसांच्या निर्णयांतून आले होते. पुरेशा चाचण्या होण्याआधीच सी-46 विमाने या मार्गावर आणली गेली. हवामानासाठी उड्डाण थांबवायचे नाही, असा दंडक होता. 650 तास उडले की घरी जाता येई, त्यामुळे थकलेले वैमानिकही उड्डाणांमागून उड्डाणे करत. सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकी जनरल विल्यम टनर यांनी या वाहतुकीची सूत्रे घेतली. त्यांनी हवामानाचा दंडक मोडला, तासांची अट 750 केली आणि किमान एक वर्षाच्या मुक्कामाची जोड दिली, देखभालीची पद्धत बदलली, प्रत्येक अपघाताची छाननी सुरू केली. जानेवारी 1944 मध्ये दर हजार उड्डाणतासांमागे जवळजवळ दोन गंभीर अपघात होत होते. वर्षभराने हेच प्रमाण तीन हजारांहून अधिक तासांमागे एक इतके खाली आले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ऑगस्ट 1944 मध्ये ब्रह्मदेशातले मिचिना दोस्त राष्ट्रांच्या हाती आले, दक्षिणेकडचा कमी उंचीचा मार्ग मोकळा झाला, चार इंजिनांची सी-54 विमानेही वाढली. श्रेय एकट्या टनर यांचे नव्हे, हे मान्यच आहे. पण डोंगर आणि पावसाळा तेच होते, सी-46 विमानेही उडतच होती. शिवाय नवा मार्ग वापरणे आणि नवी विमाने आणणे हेही निर्णयच होते; दैवाचा त्यात हात नव्हता. दुसरा आक्षेप असा की युद्धात सावधगिरी परवडत नाही. त्याला उत्तर आकडेच देतात. ऑगस्ट 1944 मध्ये महिन्याला सुमारे 23 हजार टन माल जात होता, जुलै 1945 मध्ये तो 71 हजारांवर गेला. सुरक्षितता वाढली आणि त्याच काळात माल तिपटीने वाढला. घाईने जीव गेले, पण माल अधिक पोहोचला नाही.

मुंबईच्या आपल्या उपनगरांना हा विचार दूरचा नाही. सांताक्रूझचा विमानतळ युद्धकाळातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या तळावरच वाढला आणि त्याच्या भोवती आपली वस्ती दाटत गेली. 28 जून 2018 रोजी घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये चाचणी-उड्डाणावरचे छोटे विमान कोसळले. विमानातले चौघे आणि एक पादचारी मृत्युमुखी पडले. असे काही घडले की आपण दोषी कोण ते विचारतो, नाहीतर नशिबाला बोल लावतो. दोषी शोधलाच पाहिजे, पण तेवढ्याने पुढचा अपघात टळत नाही. या अपघातानंतर कोणता नियम बदलला, हा प्रश्न नागरिकांनी उत्तर मिळेपर्यंत विचारला पाहिजे. हंपवर तो उशिरा विचारला गेला, तरीही त्याने असंख्य जीव वाचवले.